भरतीरेषेपलीकडे

पश्चिमेच्या महासागरावरून येणारा प्रकाश त्या देशात कधीच एकटा येत नसे. त्याच्याबरोबर वारा येई, वाऱ्याबरोबर मीठ येई, आणि मिठामागून धुक्याची करडी, ओलसर, अंतहीन चादर. मग क्षणभर ढगांचे कवाड किलकिले होई आणि टेकड्यांच्या उतारावरची काटेरी पिवळी झुडपे अशी पेटून उठत, की भूमीने अंगावरचे सगळे सोने एका श्वासात उधळून टाकावे. पुन्हा कवाड मिटे. पुन्हा करडेपण. आयर्लंडचा तो पश्चिम किनारा असा होता: क्षणाचा दाता, प्रहराचा कृपण.

त्या किनाऱ्याच्या काखेत ड्रमकॅरा नावाचे गाव बसले होते. गवताने शाकारलेल्या बुटक्या झोपड्या, नुसते रचून ठेवलेल्या दगडांचे बांध, आणि दलदलीतून कापून आणलेली काळी माती चुलीत जळताना उठणारा निळसर, गोडसर धूर. गावाच्या डोक्यावर, टेकडीच्या माथ्यावर, जमीनदार लॉर्ड अ‍ॅशकोम यांचा प्रासाद होता: शुभ्र, शीतल, सहस्रनेत्र. त्याच्या पश्चिमेच्या भिंतीत खिडक्याच खिडक्या होत्या. खाली माणसे राहात. वर नजर राहात असे.

त्या गावात, पाथरवट गॅरिटीच्या घरी, फेलिम जन्मला. अंगाईआधी त्याने छिन्नीचा नाद ऐकला. त्याचा बाप दगडावर बोटांची पेरे वाजवून कान लावी, वैद्याने नाडीला बोट लावावे तसा. आणि चांगला दगड लागला की नुसता हसे.

रविवारी सगळे गाव टेकडीच्या आडोशाला मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, ऐकायला जमे. वर आभाळ, खाली चिखल. कॅथलिकांना तिथे चर्च नव्हते. पिढ्यान्‌पिढ्या कायद्यानेच ते नाकारले होते. पाऊस आला की धर्मगुरूंच्या डोक्यावर दोन माणसे घोंगडी धरीत. घोंगडीतून ठिबकणारे पाणी मेणबत्तीवर पडे. मेणबत्ती विझे, पुन्हा लावली जाई, पुन्हा विझे, पुन्हा लावली जाई. फेलिम ते टक लावून पाही. इतर मुले देवाची प्रार्थना करीत. हा छपराची करी.

कायद्याची मूठ पुढे सैलावली. ज्या देशाने शतकभर उघड्यावर गुडघे टेकले होते, त्या देशाला आता भिंती हव्या होत्या, कमानी हव्या होत्या, रंगीत काचांमधून पाझरणारी माणिक-नीलाची प्रभा हवी होती. फेलिम डब्लिनला गेला. एका वास्तुविशारदाच्या कचेरीत पेन्सिली तासता तासता रेषा शिकला. समुद्र ओलांडून फ्रान्सच्या जुन्या महामंदिरांच्या, प्रचंड कॅथेड्रलांच्या, सावलीत उभा राहिला, आणि मान दुखेपर्यंत वर पाहात राहिला. दगड इतका हलका होऊ शकतो? दगड असा उडू शकतो?

परतला तो पंख घेऊनच. गावामागून गाव, शहरामागून शहर त्याचे चर्च मागू लागले. त्याच्या कमानी प्रार्थनेतल्या बोटांसारख्या वर जाऊन एकमेकींना टेकत. त्याचे खांब अरण्यासारखे फाकत. त्याचे मनोरे धुक्याला टोचून त्यातून किरण काढीत. मधल्या काळात गरिबांच्या एकमेव अन्नावर, बटाट्यावर, काळा रोग पडला, देश उपासाने मेला, ड्रमकॅरा अर्धे रिकामे झाले. फेलिमची बहीण सोर्चा खडकावरचे शिंपले खरवडून जगली. तिचा नवरा नाही जगला. त्या वर्षांनंतर फेलिमचे मनोरे आणखी उंच झाले. का, ते त्याने कोणाला सांगितले नाही. कोणी विचारलेही नाही.

आणि मग त्याच्या आयुष्याचे शिखर समोर आले. धर्मप्रांताचे महामंदिर बांधायचे ठरले, आणि बिशपांनी फेलिमला बोलावले. ऋतूमागून ऋतू त्याने त्या आराखड्यावर घातले. कागदावर हळूहळू एक शुभ्र, शतशिखर नगरी उगवली. तिच्या प्रत्येक कोनाड्यात त्याच्या मनातली एकेक इच्छा दिवा लावून बसली होती.

आराखडा मान्य झाला त्या दिवशी बिशप प्रसन्न होते. जाता जाता, पेल्यातला शेवटचा घोट घ्यावा तितक्या सहजतेने, ते म्हणाले, "तुझ्या गावालाही चर्च मिळतंय बरं का, फेलिम. लॉर्ड अ‍ॅशकोम यांनी जागा दिली. एवढीशी अट आहे, मनोरा नको नि घंटा नको. प्रासादाच्या खिडक्यांतून काही दिसता कामा नये, काही ऐकू येता कामा नये. एक साधासा नकाशा काढून दे."

फेलिमने कागद गुंडाळले. तो गावी गेला.

जागा टेकडीच्या मागच्या खळग्यात होती. काळे, साचलेले, निद्रिस्त पाणी. त्यावर शेवाळाची हिरवी साय. पाऊल टाकावे तर जमीन हळूच ओठ उघडून ते पाऊल मागून घेई. शेजारी उभे असलेले फादर मॅलाची, गावाचे वृद्ध धर्मगुरू, टोपी हातात घेऊन फिरवत होते.

"काहीच नसण्यापेक्षा बरं, असं बिशपमहाराज म्हणतात," ते पुटपुटले.

"आणि तुम्ही, फादर?"

"मी? मी आयुष्यभर घोंगडीखाली मिस्सा केली, बाळा. मला आभाळाची सवय आहे. खड्ड्याची नाही."

फेलिम वळला आणि चालू लागला. रागाला दिशा नसते. पाय उतरणीला लागले आणि उतरण समुद्राकडे गेली. ओहोटी होती. वाळू मैलभर नागडी पडली होती, आणि वाळूतून एक दगडी धार, बुडालेल्या प्राण्याच्या कण्यासारखी, दूर आतपर्यंत गेली होती. धारेच्या टोकाला एक काळा, रुंद, कुबडा खडक होता. सील तिथे ऊन खायला येत. फेलिम त्या धारेवरून चालत गेला, खडकावर चढला, आणि तिथे बसून राहिला. पाणी कधी वळले ते त्याला कळले नाही.

किनाऱ्यावरून सोर्चाचा आवाज आला. शिंपल्यांची टोपली कमरेला, ओले केस गालांना चिकटलेले. "अरे मूर्खा! पाणी भरतंय! डब्लिनमध्ये पोहायला शिकवलं का तुला?"

पण आता उशीर झाला होता. धार बुडाली. वाळू बुडाली. पाणी रुपेरी, निळे, पाचूसारखे, शिशासारखे होत खडकाच्या चहूबाजूंनी चढले. खडकाच्या कमरेपर्यंत चढले, छातीपर्यंत चढले, आणि खांद्यापाशी येऊन थांबले. वर आले नाही. फेलिम कोरडा उभा होता. त्याने सहज मागे वळून पाहिले, आणि त्याला टेकडीवरच्या प्रासादाच्या पश्चिमेकडल्या खिडक्या दिसल्या. एकही लपलेली नव्हती.

तेव्हा तो हसला. चांगला दगड लागल्यावर त्याचा बाप हसे, तसा.

संध्याकाळी पाणी ओसरल्यावर तो भिजल्या बुटांनी बहिणीच्या दारात उभा राहिला. "सोर्चा, तो खडक कोणाचा?"

"लॉर्डची जमीन भरतीच्या रेषेपर्यंत. पुढचं सगळं इंग्लंडच्या राणीचं म्हणतात," चुलीवरचे भांडे ढवळत ती म्हणाली, "आणि राणी काही इथे शिंपले वेचायला येत नाही." मग तिचा हात थांबला. तिने भावाच्या चेहऱ्याकडे पाहिले. "नाही हं, फेलिम. नाही. तू तिथे… अरे देवा! तू तिथे बांधणार."

बिशपांच्या दालनात महामंदिराचा आराखडा मेजावर पसरला होता. खिडकीतून येणारे ऊन त्याच्या शुभ्र शिखरांवर सांडले होते. कागदावरची ती नगरी क्षणभर खरी झाली होती. बिशपांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले.

"लॉर्ड रागावले तर या प्रांतात आपल्याला पुन्हा वीतभर जागा मिळणार नाही. एका लहानशा गावाला घंटेवाचून प्रार्थना करता येईल, फेलिम. देव काही बहिरा नाही."

"देव बहिरा नाही, महाराज," फेलिम म्हणाला. "घंटा त्याच्यासाठी नाहीच. घंटा टेकडीवरच्यांसाठी आहे."

बिशपांनी आराखड्यावर हात ठेवला. त्यांचा हात शुभ्र, वृद्ध, थकलेला होता; त्यात क्रूरता नव्हती, आणि म्हणूनच त्या हाताखालून काही सोडवून घेणे कठीण होते.

"तू त्या खडकावर एक जरी दगड ठेवलास, तर हे महामंदिर दुसरा कोणी उभं करील. तुझ्याच रेषांवरून. आणि तुझं नाव त्यावर नसेल."

फेलिमने आराखड्याकडे पाहिले. आई पाळण्याकडे पाहते तसे पाहिले. मग त्याने टोपी उचलली.

"पूर्वेकडच्या खांबांचा पाया खोल घ्यायला सांगा त्याला," तो म्हणाला. "तिथे खाली चिकणमाती आहे."

आणि तो निघाला. पाठीमागे कागदावरची नगरी उन्हात झळाळत राहिली, झळाळत राहिली.

वसंतात काम सुरू झाले. समुद्राच्या मर्जीवर चालणारे काम ते: ओहोटी आली की माणसे धारेवरून धावत, भरती आली की हत्यारे उचलून परत फिरत. बायका पाठीवरच्या टोपल्यांतून दगड नेत, त्यांच्या लाल घागऱ्यांच्या ओळी करड्या वाळूवरून चालत, आणि दुरून पाहणाऱ्याला वाटे, समुद्राच्या कपाळावर कोणी कुंकवाची रेघ ओढते आहे.

लॉर्ड अ‍ॅशकोम यांचा हुकूम आला: जो भाडेकरू खडकावर दगड वाहील, त्याला घराबाहेर काढले जाईल. दुसऱ्या दिवशी धारेवर फक्त फेलिम होता, सोर्चा होती, आणि फादर मॅलाची, ज्यांना दगड उचलवत नव्हता म्हणून ते चुन्याची बादली घेऊन आले होते.

मग डोंगरापलीकडून माणसे आली. दुष्काळानंतर ज्यांची घरे जमीनदाराच्या माणसांनी पाडली होती, जे शेतांच्या बांधाआड, जमिनीत खणलेल्या खड्ड्यांत, पालांत राहात होते, ते आले. ज्यांना घरच उरले नव्हते त्यांना घराबाहेर कोण काढणार? ते रिकाम्या हातांनी आले नाहीत. आपापल्या पडलेल्या घरांच्या ढिगाऱ्यांतून त्यांनी दगड उचलून आणले होते. कोणी उंबरठा आणला, कित्येक पावलांनी मध्यभागी झिजलेला. कोणी खिडकीच्या माथ्यावरची शिळा आणली. आणि रोनात नावाच्या एका उंच, अबोल बाईने चुलीचा दगड आणला: काळा, धुराने माखलेला, एका बाजूने अजून गुळगुळीत. तिने तो फेलिमसमोर ठेवला. "हा तासू नका," एवढेच ती म्हणाली.

फेलिमने तो तासला नाही. त्याने एकही दगड तासला नाही. फ्रान्समधून आणलेली सगळी वळणे, सगळी पाने, सगळ्या वेली त्याने त्या काळ्या, जळक्या, घरगुती दगडांपुढे खाली ठेवल्या.

तरीही त्याच्या भिंती अजून उंच होत्या, कमानी अजून टोकदार होत्या. आणि समुद्राला टोक आवडत नाही. हिवाळ्यातल्या एका वादळी सकाळी पश्चिमेची भिंत गेली. गडगडली नाही, कोसळली नाही. लाट आली, लाट गेली, आणि भिंत नव्हती. किनाऱ्यावर गाव उभे होते. वारा शालींना फाडत होता. टेकडीवरच्या एका उघड्या खिडकीतून कोणाचे तरी हसणे वाऱ्याबरोबर खाली आले. किंवा आले असे वाटले.

फेलिम वाळूवर बसला. त्याने हातांकडे पाहिले. पन्नाशी उलटलेले हात; नखांत चुना. "मी तुमची घरं दुसऱ्यांदा पाडली," तो म्हणाला.

सोर्चा त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. "समुद्रानं आपल्याकडून पहिल्यांदाच काही घेतलं का रे? ऊठ. बाबा असते तर म्हणाले असते, दगडाची चूक नाही, रचणाऱ्याची आहे. मग नीट रच."

तो उठला. वाळूवर बोटाने त्याने नवी भिंत काढली: सरळ नव्हे, वळलेली, नावेच्या पुढच्या अंगासारखी पश्चिमेकडे छाती काढलेली, जाड, बुटकी, टोकविरहित. मनोरा त्याने गोल काढला, खाली रुंद, वर निमुळता. वाऱ्याला धरायला काही नाही, लाटेला मारायला कोपरा नाही. आयुष्यभर त्याने दगडाला उडायला शिकवले होते. आता त्याने दगडाला उभे राहायला शिकवले.

पुढचा हिवाळा आला. भिंत उभी राहिली. वादळे आली, भिंत उभी राहिली. लाट आली, छातीवर फुटली, दोन्ही अंगांनी पांढरी होऊन वाहून गेली, आणि भिंत उभी राहिली. कोळ्यांनी एका फुटलेल्या जहाजाची घंटा आणून दिली, समुद्राने हिरवी केलेली. ती मनोऱ्यावर चढली तेव्हा वसंत पुन्हा आला होता.

पहिल्या मिस्सेच्या आधी लॉर्डचा नवा हुकूम आला. वाळू भरतीरेषेपर्यंत त्यांची होती. तिच्यावरून खडकाकडे जाणारा प्रत्येकजण गुन्हेगार ठरणार होता. बिशपांचाही निरोप आला: फादर मॅलाचींनी तिथे पाऊल ठेवू नये.

"बिशप म्हणाले जाऊ नकोस," पहाटेच्या तांबूस उजेडात झग्याचा घोळ वर खोचत फादर म्हणाले. "ओहोटी म्हणतेय ये. दोघांत वयानं मोठं कोण, ते बघतो मी." आणि ते चालू लागले.

सगळे गाव चालू लागले. भाडेकरू आणि बेघर, म्हातारे पाठुंगळीवर, तान्ही शालीत. घोडेस्वार पोलिस टेकडी उतरून किनाऱ्यावर पोहोचले तेव्हा धारेवर पाणी चढत होते. अधिकाऱ्याने घोडा पुढे घातला; घोड्याने पाण्याला नाक लावले आणि पाय रोवले. लाट आली. वाट मिटली.

मग घंटा वाजली.

ती वाजली आणि पाण्यावरून धावली. वाळूवरून, पोलिसांच्या टोप्यांवरून, बांधांवरून, पडक्या घरांवरून, पिवळ्या पेटलेल्या झुडपांवरून टेकडी चढली. प्रासादात एक खिडकी मिटली. मग दुसरी. मग एकेक करत सगळा शुभ्र सहस्रनेत्र डोळे मिटत गेला, आणि घंटा वाजतच राहिली. दोर ओढून एकाचे हात दुखले की दुसरा धरी, दुसऱ्याचे दुखले की तिसरा. आत वेदीच्या पायाशी एक काळा, न तासलेला दगड होता. रोनात त्याच्यापाशी गुडघे टेकून बसली होती, आणि तिचा तळवा त्याच्या गुळगुळीत बाजूवर होता. फादर मॅलाचींनी मेणबत्ती लावली. ती विझली नाही. वर छप्पर होते.

दिवसभर पाणी त्यांच्याभोवती होते. दिवसभर त्यांनी गाणी म्हटली, ओटची भाकर वाटून खाल्ली, पोरांना झोपवले. सायंकाळी वाट उघडली तेव्हा ते सगळे एकत्र, एका संथ लाल-करड्या ओळीने किनाऱ्याकडे आले. पोलिस रांगेत उभे होते. त्यांतले बरेचसे याच देशाचे, अशाच झोपड्यांतले, अशाच घोंगडीखाली बाप्तिस्मा झालेले.

सोर्चा पहिली पोहोचली. "बाजूला व्हा, साहेब. पाय भिजलेत आमचे, चुली पेटवायच्यात."

अधिकाऱ्याने ओळीकडे पाहिले. ती संपत नव्हती. "हे कोणी बांधलं?" त्याने विचारले.

"मी," फेलिम म्हणाला, आणि पुढे होऊन दोन्ही हात समोर धरले. "बाकीचे फक्त देवाला भेटायला गेले होते."

त्याला नेले. ओळ गावात गेली.

तुरुंगातून तो पांढऱ्या केसांनी बाहेर आला. न्यायालयात खडक कोणाचा यावर पुष्कळ शब्द खर्ची पडले, पण पाडायचा हुकूम काही निघाला नाही. फेलिमला मात्र पुन्हा कोणी चर्च मागितले नाही. महामंदिर दुसऱ्याच्या नावाने पुरे झाले. उद्‌घाटनाच्या दिवशी तो गर्दीत उभा राहिला, आपल्याच कमानींखाली मान वर करून. शेजारच्या अनोळखी बाईला म्हणाला, "बरी साधलीय हो." आणि दुसऱ्याच दिवशी ड्रमकॅराला परतला. तिथे तो वसंतामागून वसंत खडकावरचे सांधे चुन्याने भरीत राहिला, चिडका, आनंदी, मीठ लागलेला म्हातारा.

एका जूनमध्ये खडकावरच्या चर्चमध्ये लग्न होते. डोंगरापलीकडची एक मुलगी, एथना, पांढऱ्या वेषात, डोक्यावर रानफुले. नवरदेव आणि धर्मगुरू ओहोटीबरोबर आधीच पलीकडे गेले होते; वधूपक्षाला उशीर झाला, आणि पाणी वळले. बायका हळहळल्या. कोणी म्हणाले, संध्याकाळपर्यंत थांबू. कोणी म्हणाले, उद्या.

"थांबायचं कशाला?" एथना म्हणाली. "पाणीच तर आहे."

तिने बूट काढले, कोण जवळ आहे ते न पाहता म्हाताऱ्या फेलिमच्या हातांत दिले, घागरा गुडघ्यांवर उचलला आणि ती लाटेत शिरली. घोट्यापर्यंत, पोटरीपर्यंत, मांडीपर्यंत. फुले वाऱ्याने उडाली, पांढरे कापड पाण्यावर पसरले, फुगले, तिच्यामागे हेलकावू लागले. ती हसत होती. बूट छातीशी धरून फेलिम तिच्या मागोमाग पाण्यात उतरला. त्याच्यामागून एकेक बाई, घागरे वर, ओरडत, शिव्या देत, हसत. आणि दोन्हीकडून चढत्या त्या हिरव्या, चकाकत्या, गर्जणाऱ्या समुद्रात तो सगळा थवा पुढे गेला, पुढे गेला, पांढरा, लाल, पांढरा, लाटेवर लाट, लाटेवर लाट.